पाटीपासून जरा आत

परभणी जिल्ह्यात मला आजवर एकाही पुरुषानं 'माहीत नाही' असं उत्तर दिलेलं नाही. माझी तक्रार नेमकी हीच आहे.

माझी नोकरी अशी, की कर्जाच्या फाइलीत दाखवलेल्या विहिरी, गोठे आणि शेततळी जमिनीवरही आहेत का ते बघून यायचं. फाइलीत पत्त्याच्या रकान्यात 'मु. पो. अमुक, ता. जिंतूर, जि. परभणी' एवढंच असतं. सोबत गट नंबर असतो, पण गट नंबर तलाठ्याखेरीज कुणाला पाठ नसतो. बाकीचं मी विचारून घ्यायचं. 9 तालुके, 11 वर्षं. एवढ्या काळात मी विहिरींच्या काठावर कमी आणि माणसांपुढं जास्त उभा राहिलोय, मोटारसायकल बंद न करता, एक पाय जमिनीला टेकवून.

'माहीत नाही' म्हणणं आमच्याकडं असभ्य समजतात. दारात आलेल्या माणसाला पाणी न विचारता परत लावण्यापैकी ते आहे. त्यामुळं ज्याला ठाऊक आहे तो सांगतो आणि ज्याला ठाऊक नाही तो सविस्तर सांगतो. दोघांचा आत्मविश्वास सारखा. ऐकणाऱ्याला फरक कळायचा एकच मार्ग असतो, तो म्हणजे जाऊन बघणं.

बाहेरगावच्या वाचकांसाठी आधी पाटीचा खुलासा करतो. राज्यात इतरत्र ज्याला फाटा म्हणतात, त्याला आमच्या भागात बऱ्याच ठिकाणी पाटी म्हणतात. मोठ्या रस्त्यावर गावाच्या नावाचा बोर्ड लागला की त्या जागेचं नावच 'अमुक पाटी' होतं. कोल्हा पाटी, असोला पाटी. पाटीवर गाव नसतं. तिथं चहाचं हॉटेल, पंक्चरवाला, पानटपरी आणि एक बाकडं असतं. गाव 'पाटीपासून जरा आत' असतं. या 'जरा'वर मी आजवर जाळलेल्या पेट्रोलचा हिशोब कचेरीला मान्य नाही.

मागच्या भाद्रपदात अशाच एका पाटीवर थांबलो. टाकळीला जायचं होतं. बाकड्यावर तिघं बसलेले.

"मामा, टाकळीला कसं जायचं?"

"कोणची टाकळी?"

प्रश्न रास्त होता. जिल्ह्यात टाकळ्या, पिंपळगावं आणि वडगावं इतकी आहेत की प्रत्येकीला ओळखीसाठी काहीतरी आडनाव लावलेलं असतं. परभणी तालुक्यातल्या एका टाकळीचं पूर्ण नाव टाकळी कुंभकर्ण असं आहे. मी माझी टाकळी सांगितली.

पहिला म्हणाला, "सरळ जावा, चिंचेपासून डाव्या हाताला वळा." दुसरा म्हणाला, "त्या वाटंनं कामून धाडतूस? चिखल झालाय. कॅनॉलनं जावा." तिसऱ्यानं दोघांनाही वेड्यात काढलं. कॅनॉलवरचा पूल कधीपासून खचलाय यावर त्यांचं जुंपलं, तिथून गाडी कॅनॉलला पाणी कधी सुटणार यावर गेली आणि मग जायकवाडीत यंदा पाणी किती यावर. पंधरा मिनिटांनी मी तिथं उभा आहे हे चहावाल्याच्या ध्यानात आलं. त्यानं मला चहा दिला.

शेवटी बहुमतानं चिंच ठरली. दोन किलोमीटर गेलो, चार गेलो. चिंच दिसेना. परत आलो.

"मामा, चिंच कुठंय?"

"चिंच न्हाई आता. रस्ता मोठा करताना तोडली की. दोन वर्सं झाली."

"मग मला चिंचेपासून कसं सांगितलंत?"

ते माझ्याकडं जरा काळजीनं बघायला लागले. "मंग चिंचेपासून न्हाई तर कुठून वळताव?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

हे फक्त खेड्यात होतं असं समजू नये. परभणी शहरात नसलेल्या वस्तूंवरून पत्ता सांगायची पद्धत फार रुळलेली आहे. जुनी टॉकीज, जुना दवाखाना, जुन्या मास्तरांचा वाडा. जकात कधीच बंद झाली, तरी नाके लग्नपत्रिकेत शाबूत आहेत. रस्त्यांची नावं तर त्याहून वरची. जिंतूर रोड, वसमत रोड, गंगाखेड रोड, पाथरी रोड. नाव त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचं. पाथरीला जाऊन पाथरी रोड विचारला तर लोक हसतात, कारण तिथं त्याच रस्त्याचं नाव परभणी रोड आहे. मधे मानवतला तो रस्ता दोन्हीही होतो, तोंड कुणीकडं आहे त्यावर. हा कल्याणहून निर्मलला जाणारा राष्ट्रीय महामार्ग. त्याला आधी 222 नंबर होता, आता 61 आहे. नंबर बदलल्यामुळं कुणाचीही गैरसोय झाली नाही, कारण आधीचाही कुणाला ठाऊक नव्हता.

जगात जर्मनी, भारतात परभणी असं आम्ही अभिमानानं म्हणतो. जर्मनीत घरांना नंबर असतात. एवढ्या एका बाबतीत म्हण जरा कमी पडते.

रेल्वेनंही आमचंच वळण घेतलेलं आहे. मनमाड-नांदेड मार्गावर 'मानवत रोड' नावाचं स्टेशन आहे. स्टेशनच्या नावापुढं रोड लागला की समजावं, गाव इथं नाही, इथून गावाला रस्ता जातो. रात्रीच्या गाडीनं मानवतला पाहुणे आले आणि उतरून बाहेर गाव शोधायला लागले, की हा फरक त्यांच्या कायमचा लक्षात राहतो. आणि परभणीहून वसमतला जाताना जिथून पूर्णेकडं वळतात, त्या ठिकाणाचं नाव झिरो फाटा. आजवर विचारलेल्या पत्त्यांत एवढं प्रामाणिक नाव मला दुसरं भेटलं नाही.

आता मुख्य दुखणं. आमच्याकडं रस्ता विचारला की उत्तराच्या आधी चौकशी येते.

"देशमुखांच्या मळ्यात जायचंय."

"कोणते देशमुख? वरल्या आळीचे का खाल्ल्या?"

"ते माहीत नाही. विहीर बघायची होती."

"गाव कोणतं म्हणलाव तुमचं?"

मी गाव सांगतो. मग त्या गावात त्यांची चुलत मावशी दिलेली निघते, किंवा त्यांच्या साडूचा ट्रॅक्टर तिथं विकलेला असतो. मग आडनाव, मग मामाकडचं आडनाव. दहा मिनिटांत मी त्यांच्या कुठल्यातरी मेव्हण्याच्या वर्गातला मुलगा ठरतो. रस्ता अजून सुरू झालेला नसतो. पूर्वी मला वाटायचं ही रिकामी उठाठेव. आता कळतं की हे लोक त्यांच्या हिशोबानं पत्ताच सांगत असतात. गावातल्या माणसाला जागा ठाऊक नसते, त्याला माणसं ठाऊक असतात. कुणाच्या बांधाला कुणाचा बांध, कुणाची वाटणी कधी झाली, कोण कोणाशी बोलत नाही. एकदा तुम्ही त्या नकाशात बसलात की वाट आपोआप निघते: "मंग तुम्ही तर घरचेच. या, मी येतो संगं." आणि तो माणूस हातातलं काम टाकून मागच्या सीटवर बसतो. त्याला परत सोडायला मला पुन्हा त्याच वाटेनं यावं लागतं, हा मुद्दा मी खर्चाच्या पावतीत कुठल्या रकान्यात लिहावा?

हे झालं मी ओळख लपवली तर. खरं सांगितलं तर वेगळाच भूगोल सुरू होतो. 'कर्जाची विहीर' हे शब्द तोंडातून गेले की बाकड्यावर शांतता पसरते. मग एकजण म्हणतो, ते तर पुण्याला असतात. दुसरा म्हणतो, त्यांची शेती या शिवारात न्हाईच. तिसरा मला अत्यंत नम्रपणे, हाताला धरून, पलीकडच्या तालुक्याच्या वाटेला लावून देतो. सोनपेठ तालुक्यात एकदा मला असंच गोदावरीच्या काठापर्यंत पोचवलं होतं. सांगणाऱ्या गृहस्थांना मी दोन तासांनी पुन्हा भेटलो. तेच माझे कर्जदार होते. आम्ही चहा घेतला. विहीर होती, चांगली बांधलेली होती. मग लपवली कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही कोण, कुठले, आम्हाला काय ठावं?"

अंतराबद्दल थोडक्यात लिहितो, कारण लिहिताना रक्तदाब वाढतो. 'जवळच हाय' म्हणजे एक ते नऊ किलोमीटर. 'हे काय, दिसूलालं की' म्हणजे सांगणाऱ्याला दिसतं. म्हाताऱ्या माणसांकडं अजून कोस आहे. त्याचे साधारण तीन किलोमीटर धरावेत असं पुस्तकात आहे, पण कोस उन्हात लांबतो. एका आजोबांनी मला 'कासराभर दिवस राहिला की पोचताव' असं सांगितलं होतं. म्हणजे सूर्य मावळायला बैलाच्या दोरीएवढा उरला असेल तेव्हा. मी सव्वापाचला पोचलो. आजोबा बरोबर होते, हे मान्य करायला हवं. माझ्या मोबाइलनं पावणेचार सांगितलं होतं.

मोबाइलचा विषय निघालाच आहे तर सांगतो. नकाशातली ती बाई 'दोनशे मीटरवर डावीकडे वळा' म्हणते. डावीकडं ओढा असतो. पावसाळ्यात आमची काळी माती चाकाला अशी धरते की गाडी लोटायला चार माणसं लागतात, आणि ती चारही माणसं विचारतात, "इकडून कुणी सांगितलं?" मी मोबाइल दाखवला तेव्हा एक मावशी कापूस वेचायचा थांबवून म्हणाल्या, "ह्या बाईला कशाला इचारलंव? तिचं लगीन हितं झालंय का?"

मला आधी हसू आलं. मग चिखलात उभ्या उभ्या ध्यानात आलं की मावशींचं म्हणणं शब्दशः खरं आहे. 11 वर्षांत मला चोख रस्ता सांगितला तो गावच्या सुनांनी. त्या गावात जन्मलेला माणूस वाट शिकलेला नसतो, ती त्याच्या पायाला आलेली असते. त्यामुळं त्याला ती सांगता येत नाही. 'आसं जा, मंग आसं' म्हणत तो हवेत हात फिरवतो आणि तुम्ही त्या हाताकडं बघत बसता. सून मात्र परक्या गावातून येते, पहिल्या वर्षी डोक्यावर भाकरीचं टोपलं घेऊन एकटी शेताला निघते आणि चुकते. मग ती खुणा मोजून ठेवते. "तीन बाभळी लागतील, मंग हापसा, हापश्यापासून पांदीनं खाली, कुत्रं भुंकंल पण काही करत न्हाई." या मावशींनी मला असंच सांगितलं. कुत्रं भुंकलं. काही केलं नाही. नवीन लग्न झालेली असेल तर ती 'मला ठावं न्हाई, मामंजीला इचारा' असंही स्पष्ट सांगते. पहिल्या वाक्यात मी पुरुष म्हणालो ते यासाठी. या कामाला सुनांची नेमणूक व्हावी अशी माझी सूचना होती, ती कचेरीत हसण्यावारी गेली.

डावं-उजवं हा प्रकार तसाही शहराकडून आलेला. जुनी माणसं उगवतीकडं, मावळतीकडं, वरल्या अंगाला, खाल्ल्या अंगाला असंच बोलतात. वर म्हणजे पाणी येतं तिकडं, खाली म्हणजे पाणी जातं तिकडं. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात, गंगाखेडच्या नावातही तीच बसलीय, आणि जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या माणसाला गंगा कुणीकडं आहे हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या उत्तर भागात गुगु यिमिथिर नावाची भाषा बोलणारे लोक आहेत. ते अंगावरच्या मुंगीलाही उत्तरेच्या पायावर चढली म्हणतात, असं वाचलंय. आमच्याकडं अजून तेवढी प्रगती नाही, पण "गाडी जरा मावळतीला सरकवा" असं मला पाथरीत सांगितलेलं आहे. मी ढगाळ हवेत उभा होतो. सरकवणार कुठं?

दिशांवरून पत्ता सांगणारं एक अख्खं शहरही आहे, निकाराग्वाची राजधानी मानाग्वा. 23 डिसेंबर 1972 ला तिथं मोठा भूकंप झाला आणि शहराचा मध्यभाग पडला. लोकांनी पत्ते मात्र बदलले नाहीत. अमुक इमारत होती तिथून तळ्याकडं दोन चौक, मग वर एक चौक. तळ्याकडं म्हणजे उत्तर, वर म्हणजे पूर्व, सूर्य तिकडून वर येतो म्हणून. तिथल्या एका प्रसिद्ध खुणेचं नाव 'छोटं झाड' आहे आणि ते झाड कधीच गेलेलं आहे. हे मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं होतं आणि आम्ही सगळे त्या लोकांना पोटभर हसलो होतो.

मराठी माणसाला पत्ता सांगताच येत नाही असं मात्र कुणी समजू नये. महानुभावांची स्थानपोथी चौदाव्या शतकातली. चक्रधरस्वामी कुठं राहिले, कुठं बसले, त्या जागा मागून येणाऱ्यांना सापडाव्यात म्हणून लिहिलेली. गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, त्याचं दार कोणत्या बाजूला, त्यापासून ओटा कुठं. म्हणजे मराठी गद्याच्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी एक पुस्तक नुसता पत्ता आहे. सहा-सातशे वर्षांत ही विद्या कुठं गेली, असा प्रश्न मला पडायचा. मग मी पुण्याला मेहुणीकडं गेलो.

सदाशिव पेठेत एका दुकानदाराला मी घर विचारलं. त्यांनी बोटानं वरची पाटी दाखवली: 'येथे पत्ता सांगितला जाणार नाही.' दोन सेकंदांत काम आटोपलं. पुढच्या दुकानात गेलो. "तिसरा चौक, डावीकडे, सहावी इमारत. आणि पुढच्या वेळी इमारतीचं नाव लिहून आणत जा." कुठून आलात विचारलं नाही, कुणाकडं विचारलं नाही. मी मोजत गेलो. बरोबर सहावी इमारत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी वेळेआधी पोचलो, घराला कुलूप होतं, आणि जिन्यात बसून मला जरा एकटं वाटलं. मुंबईत अंतर मिनिटांत सांगतात आणि दिशा रुळावरून, ईस्ट किंवा वेस्ट. सांगणारा थांबत नाही, चालता चालता सांगतो आणि आपणही चालता चालताच ऐकायचं असतं. कोकणात 'कोणाकडे?' असं आमच्यासारखंच विचारतात. फरक इतकाच की ते ऐकून घेतल्यावर गप्प बसतात.

हे सगळं मी सहन करत होतो. पण गेल्या वर्षी त्या टाकळीच्या पाटीवरचा लोखंडी बोर्डच फिरला. कुणाच्या तरी ट्रॉलीचा धक्का बसला असावा. बाण आता गावाच्या वाटेऐवजी थेट तुरीच्या रानात दाखवतो. बोर्डाचा खालचा अर्धा भाग एका तरुण नेतृत्वाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गेलाय. किती किलोमीटर हे तेवढ्या भागात लिहिलेलं होतं. तीन अनोळखी माणसं त्या तुरीत उतरलेली मी स्वतः पाहिली, त्यातला एक तर नवरदेवाचा मामा होता, फेटा बांधलेला.

नागरिकाचं कर्तव्य म्हणून मी संबंधित कचेरीत अर्ज दिला. दिशादर्शक फलक चुकीची दिशा दाखवतो, सरळ करावा. दीड महिन्यानं उत्तर आलं. 'आपल्या अर्जात नमूद फलक नेमका कोणत्या ठिकाणी आहे याचा बोध होत नाही. तरी ठिकाणाचा सविस्तर तपशील सादर करावा.'

मी कागद घेऊन बसलो. किलोमीटरचा दगड रुंदीकरणात उपटून गेलेला, नवा बसवलेला नाही. गट नंबर मला ठाऊक नाही. झिरो फाट्यापासून मोजावं तर ते भलतीकडं. तासभर विचार करून मी नीट अक्षरात लिहिलं, सही केली, पोच घेतली.

आठ दिवसांनी फोन आला. मागं ट्रकचे आवाज येत होते. बोलणारे गृहस्थ पाहणीसाठी निघाले होते आणि दोनदा वर-खाली फिरून वैतागले होते.

"साहेब, तुम्ही लिव्हलंय चिंचेपासून डाव्या हाताला. हितं तर चिंचच न्हाई."

"चिंच नाही आता," मी म्हणालो. "रस्ता मोठा करताना तोडली."

पलीकडं थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांनी फोन ठेवला. अर्ज निकाली काढल्याचं पत्र या महिन्यात आलं, 'स्थळ आढळून आले नाही' म्हणून. बाण अजून तुरीकडंच आहे. त्या बाजूला कुणाचं लग्न असेल तर वऱ्हाडाला आधी सांगून ठेवा.